राजा पडल्यावर काय उरले?

इ.स. ६३३ च्या ऑक्टोबर महिन्यात उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन हॅटफील्डच्या लढाईत मारला गेला, त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली, आणि त्याच्या राज्याचा पहिला बिशप पॉलिनस राणीला व मुलांना घेऊन समुद्रमार्गे दक्षिणेकडे केंटला निघून गेला. जाताना त्याने सोन्याचा एक मोठा क्रूस आणि वेदीवर वापरायचा सोन्याचा प्याला सांभाळून नेला. मागे जेम्स नावाचा त्याचा एक सहकारी डीकन तेवढा राहिला. कॅटरिकजवळच्या एका गावात मुक्काम ठेवून तो लोकांना शिकवत राहिला, बाप्तिस्मा देत राहिला आणि पुढे शांतता आल्यावर चर्चमधील गायनही त्याने शिकवले. त्या साऱ्या पळापळीत मला हा जेम्सच सर्वांत मोठा वाटतो, पण तो एकटा होता.

पॉलिनसने कामात कसूर केली होती असे मुळीच नाही. एकदा तो राजाराणीबरोबर येव्हरिंगच्या राजवाड्यावर आला असता सलग ३६ दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला दुसरे कामच नव्हते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून लोक येत, तो त्यांना उपदेश करी आणि ग्लेन नदीच्या पाण्यात उतरवून बाप्तिस्मा देई. पुढे आठव्या शतकात जॅरोच्या मठात राहून इंग्लिश लोकांच्या ख्रिस्तीकरणाचा इतिहास लिहिणारा बीड हे मोठ्या आदराने सांगतो. तोच बीड थोड्याच पानांनंतर अशीही नोंद करतो की, एडविननंतर गादीवर आलेल्या ऑस्वाल्डने ६३४ मध्ये लढाईच्या आदल्या वेळी लाकडी क्रूस रोवला, त्यापूर्वी बर्निशियाच्या, म्हणजे नॉर्थम्ब्रियाच्या उत्तर भागाच्या, संपूर्ण प्रांतात ख्रिस्ती श्रद्धेची एकही खूण उभी नव्हती. चर्च नव्हते, वेदीही नव्हती. येव्हरिंग बर्निशियातच आहे. म्हणजे ३६ दिवस नदीकाठी गर्दी झाली, आणि सहा-सात वर्षांनी त्या गर्दीची एवढीही निशाणी जमिनीवर दिसत नव्हती. एडविनच्या पाठोपाठ राज्य वाटून घेणारे दोन राजेही बाप्तिस्मा घेतलेले होते. सत्ता हाती येताच दोघेही जुन्या देवांकडे परतले. ते वर्ष इतके अप्रिय ठरले की राजांची कालगणना करणाऱ्यांनी या दोघांची नावे गाळून ते ऑस्वाल्डच्या खात्यात धरले.

धर्मांतराच्या इतिहासाची चर्चा करताना आपण दोन मापे वापरतो. एक माप संख्येचे, म्हणजे किती जणांनी दीक्षा घेतली. आणि दुसरे राजाचे, म्हणजे कोणत्या वर्षी कोणता राजा नव्या धर्मात गेला. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की प्रसारकांचा गौरव करणारे आणि त्यांच्यावर आरोप ठेवणारे दोघेही हीच मापे हातात घेतात. एकाला ३६ दिवसांची गर्दी हा विजय वाटतो, दुसऱ्याला तीच गर्दी दडपणाचा पुरावा वाटते, आणि त्या गर्दीतले लोक घरी गेल्यावर काय झाले हे विचारायचे दोघांकडूनही राहून जाते. माझे म्हणणे असे आहे की बाहेरून आलेला कोणताही धर्म लोकांचा झाला की नाही हे ठरवायचे असेल, तर त्याला आश्रय देणारा राजा पडल्यावर काय उरले ते पाहावे. सातव्या शतकातील नॉर्थम्ब्रिया ही त्यासाठी विलक्षण सोयीची जागा आहे, कारण तिथे हा प्रयोग एका पिढीच्या आत दोनदा झाला. एकदा एडविन पडला आणि जवळजवळ सारे वाहून गेले. नऊ वर्षांनी, ६४२ मध्ये, ऑस्वाल्ड पडला, त्याच शत्रूच्या, मध्य इंग्लंडमधील मर्सियाचा राजा पेंडा याच्या हातून, आणि काहीच वाहून गेले नाही. या दोन पराभवांमधला फरक समजून घ्यायचा तर मधल्या काळात आलेल्या एका आयरिश बिशपकडे, एडनकडे, पाहावे लागते.

त्याआधी दक्षिणेत घडलेल्या गोष्टीही नजरेसमोर असाव्यात. पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टीन ५९७ मध्ये केंटच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा राजा एथेलबर्टने त्याला उघड्यावर भेटायला बोलावले, कारण छपराखाली भेटल्यास हे परके आपल्यावर जादूटोणा करतील अशी त्याला धास्ती होती. ऑगस्टीनचे ऐकून घेतल्यावर त्याने दिलेले उत्तर मला फार प्रामाणिक वाटते. तुमचे शब्द आणि आश्वासने सुंदर आहेत, पण ती नवी आहेत, अनिश्चित आहेत, आणि माझ्या लोकांसह मी इतका काळ जे पाळत आलो ते सोडून मी एकदम त्यांना मान्यता देऊ शकत नाही. तुम्ही मात्र दुरून आला आहात, तेव्हा तुम्हाला त्रास होणार नाही, राहा आणि शिकवा, असा त्याचा आशय होता. त्याची फ्रँक राणी बर्था आधीपासूनच ख्रिस्ती होती. पुढे राजाने दीक्षा घेतली, आणि ५९७ च्या नाताळात दहा हजारांहून अधिक लोकांनी बाप्तिस्मा घेतल्याचे ग्रेगरीने एका पत्रात आनंदाने कळवले. ६०१ मध्ये त्याच ग्रेगरीने राजाला लिहिले की मूर्तिपूजा मोडून काढ, देवस्थाने पाड. आणि थोड्याच दिवसांत मागाहून दुसरे पत्र पाठवले की देवस्थाने पाडू नयेत, मूर्ती तेवढ्या काढाव्यात, पवित्र पाणी शिंपडून तीच जागा वापरावी, आणि लोक जे बैल देवांना बळी देत आले आहेत ते त्यांनी आता सणाच्या जेवणासाठी मारावेत. माणसांची सवय एका दिवसात तुटत नाही हे ग्रेगरीला कळले होते. तरीसुद्धा ६१६ मध्ये एथेलबर्ट वारला, त्याचा मुलगा जुन्या वाटेला गेला, लंडनमधून बिशप मेलिटसला हाकलले गेले, आणि लंडनचे लोक पुढे बराच काळ आपल्या जुन्या पुजाऱ्यांकडेच राहिले.

एडन आला तो याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर, पण दुसऱ्या दिशेने. ऑस्वाल्डचे तारुण्य वनवासात गेले होते. बाप मारला गेल्यावर तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयोना बेटावरच्या आयरिश भिक्षूंच्या आश्रयाने वाढला आणि तिथेच ख्रिस्ती झाला. राज्य मिळाल्यावर त्याने बिशप मागितला तो आयोनाकडे. तिथून आधी एक कडक स्वभावाचा प्रचारक आला. लोक त्याचे ऐकेनात. तो परत गेला आणि मठाच्या सभेत त्याने सांगितले की ही माणसे हट्टी आहेत, रानटी आहेत, यांना शिकवणे शक्य नाही. सभेत बराच खल झाला. तेव्हा एडन त्याला म्हणाला, "बंधू, मला वाटते, तुमच्या अशिक्षित श्रोत्यांशी तुम्ही वाजवीपेक्षा कठोर वागलात. आधी सौम्य शिकवणीचे दूध पाजायला हवे होते, मग हळूहळू वरचे अन्न." सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, आणि बिशप करून त्यालाच पाठवावे असे ठरले. हे ६३५ साल.

या छोट्या प्रसंगाला मी फार महत्त्व देतो. शिकवण पोहोचली नाही तर दोष ऐकणाऱ्याचा, असे धरून चालणे प्रत्येक उपदेशकाला, आणि प्रत्येक सुधारकालाही, सोपे असते. आपल्याकडच्या किती तरी चांगल्या चळवळी "लोक अजून तयार नाहीत" या एका वाक्याशी येऊन थांबल्या आहेत. एडनने दोष शिकवणाऱ्याकडे वळवला, आणि पुढची सोळा वर्षे त्या वाक्याची किंमत स्वतःच्या पायांनी चुकती केली.

त्याला इंग्लिश नीट येत नव्हते. राजाला आयरिश उत्तम येत होते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात एडन बोले आणि ऑस्वाल्ड स्वतः आपल्या सरदारांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी त्याचे भाषांतर करी. बीडला हे दृश्य फार देखणे वाटले होते. राजा दुभाषा होऊन उभा आहे, आणि त्याच्या लढाऊ सरदारांना नवा धर्म कळतो आहे तो त्यांच्या राजाच्या ओळखीच्या आवाजात आणि त्यांच्याच बोलीत. पण भाषेची उसनवारी कायमची चालत नाही, हे एडनने ओळखले असले पाहिजे, कारण त्याने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १२ इंग्लिश मुलांना शिकवणे. त्यांतला एक, एटा, पुढे मेलरोजचा मठाधिपती आणि नंतर लिंडिसफार्नचा बिशप झाला. पॉलिनसबरोबर राणी होती, राजा होता, सोन्याची भांडी होती. त्याने मागे ठेवलेला माणूस एकच होता आणि तोही परदेशातून आलेला. एडनने माणसे त्या मातीतून तयार केली.

राजाने त्याला राहायला मागेल ती जागा दिली असती. त्याने लिंडिसफार्न निवडले. भरतीच्या वेळी हे बेट दिवसातून दोनदा मुख्य भूमीपासून तुटते आणि ओहोटीला पुन्हा वाळूच्या वाटेने जोडले जाते. तिथून बॅम्बरोचा राजगड डोळ्यांना दिसतो. या निवडीत मला एडनचे सारे राजकारण दिसते, आणि राजकारण हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतो आहे: गडापासून हाकेच्या अंतरावर, पण मधे समुद्राचे पाणी. राजाने जेवायला बोलावले तर तो एकदोन सोबत्यांना घेऊन जाई, थोडे खाई आणि वाचनासाठी किंवा प्रार्थनेसाठी लगबगीने परत निघे. श्रीमंत आणि सत्तावान माणसे चुकली तर भीड न ठेवता त्यांना सुनावी. त्यांना तो पैसा कधी देत नसे. पाहुणे म्हणून आले तर जेवण तेवढे देई. उलट त्यांच्याकडून आलेला पैसा गरिबांना वाटला जाई, किंवा अन्यायाने गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांना सोडवण्यासाठी खर्च होई. सोडवलेल्यांपैकी अनेकांना त्याने आपले शिष्य केले, शिकवले, आणि काहींना धर्मगुरूपदापर्यंत नेले. बाजारात विकला गेलेला माणूस काही वर्षांनी त्याच मुलखात वेदीजवळ उभा राहून प्रार्थना म्हणतो आहे, हे पाहणाऱ्या गावकऱ्याला नव्या धर्माविषयी जे कळले असेल ते सरदारांच्या दरबारातल्या कोणत्याही वादविवादातून कळले नसते.

फिरायचे ते पायी, हा त्याचा नियम होता. अगदीच निकड असल्याशिवाय तो घोड्यावर बसत नसे. वाटेत जो भेटेल, गरीब असो वा श्रीमंत, त्याच्याशी थांबून बोलायचे. तो ख्रिस्ती नसेल तर त्याला बोलावणे करायचे, असेल तर त्याला धीर द्यायचा. बरोबरच्या लोकांनी चालताचालता पवित्र ग्रंथ वाचायचा किंवा स्तोत्रे पाठ करायची. याच पायी फिरण्यावरून घडलेला प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. ऑस्वाल्डनंतर डेरा या दक्षिण भागाचा राजा झालेल्या ऑस्विनचे एडनवर अतिशय प्रेम होते. नद्या ओलांडताना किंवा घाईच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून त्याने एडनला एक उत्तम घोडा दिला, राजाला शोभेल अशा सगळ्या साजासह. थोड्याच दिवसांत वाटेत एक भिकारी भेटला, भीक मागू लागला. एडन खाली उतरला आणि साजासकट घोडा त्याला देऊन मोकळा झाला. राजाच्या कानावर हे गेले. दोघे जेवायला निघाले असताना तो म्हणाला, "महाराज, हा घोडा मी खास तुमच्यासाठी निवडला होता. भिकाऱ्याला द्यायला आपल्याकडे साधे घोडे नव्हते का, दुसऱ्या वस्तू नव्हत्या का?" एडनने लगेच विचारले, "राजा, काय बोलतोस हे? त्या घोडीचे पिल्लू तुला देवाच्या त्या लेकरापेक्षा अधिक प्रिय आहे का?"

आत गेल्यावर बिशप आपल्या जागी बसला. राजा शिकारीवरून आला होता. तो सरदारांबरोबर शेकोटीजवळ ऊब घेत उभा राहिला. ते वाक्य त्याच्या मनातून जात नव्हते. अचानक त्याने कमरेची तलवार काढून सेवकाच्या हाती दिली, पुढे होऊन एडनच्या पायांशी बसला आणि क्षमा मागितली. आमच्या संपत्तीतले तुम्ही देवाच्या लेकरांना काय देता, किती देता, याविषयी मी पुन्हा कधी बोलणार नाही, असे त्याने सांगितले. एडनने घाईने उठून त्याला उठवले, जेवायला बसवले. राजाचा चेहरा उजळला आणि एडनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शेजारच्या धर्मगुरूने आयरिश भाषेत, म्हणजे राजाला आणि त्याच्या सरदारांना न कळणाऱ्या भाषेत, कारण विचारले. एडन त्याच भाषेत म्हणाला की हा राजा फार दिवस जगणार नाही. इतका नम्र राजा मी आजवर पाहिलेला नाही, आणि या लोकांची असा राजा मिळण्याची योग्यता नाही. ६५१ च्या ऑगस्टमध्ये ऑस्विनला दगा देऊन मारण्यात आले. मारवणारा होता ऑस्वाल्डचाच भाऊ, ऑस्वी, बर्निशियाचा ख्रिस्ती राजा.

हा शेवट झाकून ठेवणे मला पटत नाही. एडनच्या चरित्राचा उपयोग पुष्कळदा गोड प्रचारासाठी होतो, आणि त्यात ख्रिस्ती राजाने ख्रिस्ती राजाचा केलेला खून गळून जातो. माझ्या म्हणण्यावर येऊ शकणारे आक्षेपही याच ठिकाणी मांडले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की एडनही राजाच्या बोलावण्यावरूनच आला; बॅम्बरोच्या गडाचा आधार नसता तर लिंडिसफार्नचा मठ उभा राहिला नसता. हे खरे आहे आणि मी ते पूर्णपणे मान्य करतो. त्या काळात राजाच्या परवानगीशिवाय कोणीही कुठेही उपदेश करू शकत नव्हता. राजाश्रय होता, म्हणून पॉलिनस आणि एडन यांत फरक नाही, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. दोघांना आश्रय मिळाला, पण एकाचे काम आश्रयाबरोबर संपले, दुसऱ्याचे संपले नाही. ऑस्वाल्ड मासरफील्डच्या लढाईत पडला, पेंडाने त्याचे शिर आणि हात खांबांवर टांगले, बॅम्बरोच्या तटापर्यंत आग आणली. तरी एडनला पळावे लागले नाही, आणि पुढची नऊ वर्षे तो त्याच वाटांवरून चालत राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जे लोक जुन्या देवांना मानत राहिले त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत त्यांच्या शब्दांत पोहोचलेलेच नाही. लिहिणारे सगळे भिक्षू होते. त्यांच्या लेखनात कुठे कुठे फटीतून एखादा आवाज ऐकू येतो तेवढाच. बीडनेच लिहिलेल्या, पुढे लिंडिसफार्नचा बिशप झालेल्या कथबर्टच्या चरित्रात असा एक प्रसंग आहे. टाइन नदीच्या मुखाशी मठासाठी लाकूड घेऊन येणारे पाच तराफे वाऱ्याने समुद्रात ओढले जात होते, त्यांवर भिक्षू होते. काठावर जमलेले गावकरी त्यांची टर उडवत होते. तरुण कथबर्टने त्यांना विचारले, बुडणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची सोडून शिव्या कसल्या देता? त्यांचे उत्तर होते की यांच्यासाठी कोणी प्रार्थना करू नये. यांनी माणसांची जुनी पूजा हिरावून घेतली, आणि नवी कशी करायची ते कोणालाच माहीत नाही. इंग्लंडच्या ख्रिस्तीकरणाविषयी मला माहीत असलेल्या वाक्यांत याच्याइतके खरे वाक्य दुसरे नाही. ज्याचे जुने गेले आणि ज्याला नवे कळले नाही अशा माणसाचे दुःख त्यात आहे. कथबर्टच्या प्रार्थनेने वारा फिरल्याचे बीड पुढे सांगतो, पण त्या शेतकऱ्यांची तक्रार वाऱ्याबरोबर फिरली असे मला वाटत नाही. तिचे उत्तर द्यायला कोणीतरी त्यांच्या दारापर्यंत चालत जाणे आवश्यक होते.

सक्तीही झाली, हेही नोंदवले पाहिजे. केंटच्या इर्कनबर्ट राजाने आपल्या राज्यातील मूर्ती नष्ट करण्याचा हुकूम काढला आणि न पाळणाऱ्यांना शिक्षा ठेवल्या. ६८६ च्या सुमारास कॅडवाला या वेसेक्सच्या राजाने, स्वतः अजून बाप्तिस्मा घेतलेला नसताना, वाइट बेट जिंकले आणि तिथल्या लोकांची कत्तल करून आपली माणसे वसवायचा घाट घातला. बेटाच्या राजाच्या दोन लहान भावांना मृत्यूआधी बाप्तिस्मा घेऊ दिला गेला आणि मग मारले गेले. या घटनांवर एडनचे नाव पांघरून त्या झाकता येणार नाहीत. उलट, एडनचे वागणे हेच त्यांच्याविरुद्धचे ख्रिस्ती परंपरेतले सर्वांत भक्कम प्रमाण आहे, असे मी म्हणेन.

या संदर्भात पेंडाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. एडविन आणि ऑस्वाल्ड यांना मारणारा हा राजा शेवटपर्यंत ख्रिस्ती झाला नाही. तरी ६५३ नंतर त्याच्या मुलाच्या मुलखात चार धर्मगुरू आले तेव्हा आपल्या मर्सियातही कोणाला ऐकायचे असेल तर उपदेश करायला त्याने आडकाठी केली नाही. त्याला तिटकारा होता तो ख्रिस्ती म्हणवून घेऊन ख्रिस्ती न वागणाऱ्यांचा. ज्या देवावर आपला विश्वास आहे असे म्हणता त्याचेच ऐकत नाही, ते लोक तुच्छ, असे तो म्हणे. बीडने शत्रूच्या तोंडचे हे मत गाळले नाही, याबद्दल त्याचे ऋण मानावे लागते.

बीडचा हा गुण एडनच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. आयोनाचे लोक ईस्टरची तारीख रोमपेक्षा वेगळ्या पद्धतीने काढत. आज ती बाब क्षुल्लक वाटेल, पण बीडसाठी ती फार मोठी होती. कालगणना हा त्याच्या अभ्यासाचा आवडता विषय होता, आणि या बाबतीत एडन चुकीचा होता अशी त्याची ठाम खात्री होती. तो तसे स्पष्ट लिहितो, आणि त्याच परिच्छेदात एडनचे प्रेम, त्याची शांत वृत्ती, लोभ आणि क्रोध यांवरचा त्याचा ताबा, दुर्बलांना दिलेला आधार यांची मोकळ्या मनाने स्तुती करतो. सत्यनिष्ठ इतिहासकार म्हणून आपण दोन्ही सांगत आहोत, अशी त्याची भूमिका आहे. ज्याचे मत चुकीचे वाटते त्याचे मोठेपण न कापता सांगणे, आणि ज्याचे मोठेपण मान्य आहे त्याची चूक न लपवता सांगणे, हे धर्माच्या इतिहासावर आज जो कोणी लिहितो किंवा बोलतो त्याने बीडकडून शिकावे, असे मला अगदी मनापासून वाटते.

त्या ईस्टरच्या वादाचा निकाल ६६४ मध्ये व्हिटबीच्या धर्मसभेत लागला. मठ होता मठाधिपती हिल्डाचा, जिला एडननेच नॉर्थम्ब्रियात परत बोलावून घेतले होते. ऑस्वीने रोमच्या बाजूने कौल दिला. एडनच्या गादीवरचा तिसरा बिशप कोलमन आपल्या आयरिश सोबत्यांना आणि काही इंग्लिश भिक्षूंना घेऊन निघाला. बरोबर एडनच्या काही अस्थी घेतल्या. मागे राहिलेल्या मठात चर्चखेरीज अगदी गरजेपुरती घरे होती, पैसा नव्हता, थोडी गुरे होती. ३१ वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून पॉलिनस सोने घेऊन निघाला होता. फरक सोन्याचा तर आहेच, त्याहून मोठा फरक असा की या वेळी बिशप गेल्यावर काही कोसळले नाही. एटासारखे इंग्लिश शिष्य होते, सेड आणि चॅड हे भाऊ होते, हिल्डाचा मठ होता, जिथे काही वर्षांत केडमन नावाचा एक गुराखी स्वतःच्या इंग्लिशमध्ये सृष्टीच्या निर्मात्याचे स्तोत्र रचणार होता. रोमच्या विजयाने इंग्लंडला शिस्त, शाळा आणि खुद्द बीड दिला, हे मान्य करूनही मी म्हणेन की रोमने जे बांधले त्याचा पाया चालून चालून घट्ट झालेला होता. चॅड बिशप झाल्यावरही गुरूप्रमाणे पायीच फिरे. रोमने पाठवलेला आर्चबिशप थिओडोर, म्हातारा आणि व्यवहारी माणूस, त्याने चॅडला लांबच्या प्रवासात घोड्यावर बसण्याची आज्ञा केली. चॅड कुरकुरला तेव्हा थिओडोरने स्वतःच्या हातांनी त्याला उचलून घोड्यावर बसवले. मला दोघेही आवडतात, आणि दोघांचीही गरज होती असे वाटते.

हा सगळा इतिहास मराठी माणसाला परका वाटू नये याला एक कारण आहे. एडननंतर सुमारे नऊशे वर्षांनी इंग्लंडमध्येच जन्मलेला एक जेझुइट धर्मप्रसारक, थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात आला, दक्षिण गोव्यातील साष्टीत राहून इथल्या भाषा शिकला आणि त्याने ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, छापखान्यात देवनागरी खिळे नसल्याने रोमन लिपीत. तो आला तेव्हा साष्टीतली देवळे पाडली गेली होती आणि इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, सुरू होऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती. त्याच्यामागे पोर्तुगीज सत्ता होती ही गोष्ट त्याच्या ओव्यांच्या गोडव्याने पुसली जात नाही. पण १६८४ मध्ये त्याच सत्तेने कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोला असा हुकूम काढला, आणि आज पाहावे तर ती सत्ता गेली, तो हुकूम गेला, गोव्यातला ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतो ती कोंकणीत, आणि स्टीफन्सची ओवी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शिल्लक आहे. राजा पडल्यावर काय उरले हा प्रश्न तिथेही विचारावा, आणि त्याचे उत्तर मिळेल ते प्रामाणिकपणे, देवळांच्या पडझडीसह, लिहावे.

ऑस्विनचा खून झाल्यानंतर बाराव्या दिवशी, ३१ ऑगस्ट ६५१ रोजी, एडन वारला. तो बॅम्बरोजवळच्या एका राजवाड्यावर आला होता. स्वतःचे म्हणावे असे त्याच्याकडे तिथे ते चर्च आणि भोवतालचे थोडे शेत याखेरीज काही नव्हते. आजार वाढला तेव्हा सोबत्यांनी चर्चच्या पश्चिम भिंतीला लागून बाहेर तंबू उभारला, आणि भिंतीला दिलेल्या लाकडी टेक्यावर रेलून त्याने प्राण सोडला. पुढे पेंडाने ते गाव आणि चर्च जाळले, तो टेका जळला नाही. चर्च पुन्हा बांधले, तेही निष्काळजीपणाने आग लागून जळले, टेका तसाच राहिला. तिसऱ्या वेळी बांधताना लोकांनी तो भिंतीबाहेर न लावता आत ठेवला. आत येणारे त्याच्याजवळ गुडघे टेकत, आणि घरात कोणी आजारी असेल तर त्या लाकडाची एक ढलपी कापून घेत, पाण्यात टाकत आणि ते पाणी आजाऱ्याला पाजत.